वाचनालयात फुकट सिनेमा: परवानगीच्या कागदापासून खुर्च्या उचलेपर्यंत

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो, फुकट, असं बडोद्यात कुणाला सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. म्हातारी माणसं विचारतात, "खुर्चीला पाठ आहे ना?" आणि मंडळातले जाणते विचारतात, "मग पुस्तकं कोण वाचणार?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढे येईल. दुसऱ्याचं उत्तर या गावानं शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे.

१९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायचं काम त्याच्याकडे सोपवलं. त्या ग्रंथालय खात्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्या होत्या, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण खात्याला दृश्य शिक्षणाची एक वेगळी शाखाही होती, हे सहसा कुणी सांगत नाही. मॅजिक लँटर्नच्या (दिव्यानं पडद्यावर चित्र पाडणाऱ्या यंत्राच्या) काचा, स्टिरिओस्कोपची (दोन भिंगांतून बघायची) चित्रं आणि सिनेमाचं यंत्र घेऊन खात्याची माणसं खेळ करत, तेही फुकट. संस्थानात सक्तीचं शिक्षण १९०६ मध्ये सगळीकडे लागू झालं, तरी शाळेचं वय उलटून गेलेल्यांचं काय? त्यांच्या हातात पुस्तक ठेवून उपयोग नव्हता. म्हणून आधी चित्र. आणि गंमत अशी की भारतीय सिनेमाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके त्याआधी इथल्याच कलाभवन या कला आणि तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकून गेले होते.

आज चाक उलटं फिरलं आहे. आमच्या दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत नातवंडांना मराठी कानानं कळते. आजीशी बोलताना ती अर्धं मराठी, अर्धं गुजराती असं काहीतरी झकास बोलतात. शाळा मात्र इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमाची, त्यामुळे मराठीचं छापील पान समोर आलं की दुसऱ्या ओळीला दमतात. तेव्हाचा प्रेक्षक निरक्षर होता, आताचा फक्त मराठीपुरता निरक्षर आहे. वाचनालयातला सिनेमा मी या प्रेक्षकासाठी करते. तुमचा प्रेक्षक वेगळा असेल, पण तो आधी ठरवा. चित्रपट, वेळ, सतरंजी की खुर्ची, हे सगळं त्यावरून ठरतं.

आधी ठराव करा

कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. कार्यकारी मंडळाच्या सभेत लेखी ठराव करून घ्या: वाचनालयाच्या जागेत महिन्यातून एकदा विनामूल्य चित्रपट दाखवायचा, खर्चाची मर्यादा अमुक, जबाबदार व्यक्ती तमुक. सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या हव्यात. आमच्याकडे मंत्र्यांनी (गुजरातच्या चालीनं आम्ही सचिवांना मंत्रीच म्हणतो) तोंडी होकार दिला, मी कामाला लागले, आणि पुढच्या सभेत वीजबिलावरून अर्धा तास वाद झाला. ठराव असता तर झाला नसता.

ठरावात एक वाक्य जरूर घाला: "प्रवेशशुल्क, देणगी किंवा सभासदत्वाची सक्ती असणार नाही." दाराशी देणगीपेटी ठेवावी असं कुणीतरी सुचवतंच. ठेवू नका. कारण पुढच्याच भागात आहे.

हक्काचा कागद: इथेच बहुतेक जण घसरतात

सगळ्यात पसरलेला गैरसमज असा की तिकीट नाही म्हटल्यावर परवानगी कशाला. फुकट म्हणजे प्रेक्षकाला फुकट. चित्रपट चार लोकांपुढे दाखवण्याचा हक्क निर्मात्याचा किंवा त्याने ज्याला विकला असेल त्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांना एक सवलत आहे, तीच लोक पुढे करतात: पैसे न घेता प्रेक्षकांपुढे प्रयोग केला तर चालतो. पण ती सवलत साहित्य, नाटक आणि संगीत यांच्या प्रयोगाला आहे, चित्रपटाला नाही. शाळा-कॉलेजांना चित्रपटाची सवलत आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेले लोक असतील तरच. रस्त्यावरून येणाऱ्या कुणालाही आत घेणारं सार्वजनिक वाचनालय त्यात बसत नाही. कायद्यात शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची आणि दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंतचा आहे. पैसे कमावण्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. दाराशी पेटी नको म्हणाले, त्यामागे हेही एक कारण.

"माझ्याकडे डीव्हीडी आहे, विकत घेतलेली" हेही चालत नाही. ती घरी बघण्यासाठी विकलेली असते. मुलाच्या मोबाइलवर ओटीटीचं सभासदत्व आहे ते लावू, हेसुद्धा नाही, कारण ते सभासदत्व वैयक्तिक वापराचं असतं. यूट्यूबच्या अटींतही जाहीर खेळाला मनाई आहे, आणि तिथे चढवलेला चित्रपट चढवणाऱ्याच्या मालकीचा असेल याची खात्री कोण देणार? काही ओटीटी कंपन्या निवडक माहितीपटांना शैक्षणिक खेळासाठी एकवार परवानगी देतात. ती त्या माहितीपटाच्या पानावर लिहिलेली असते, नसेल तर नाही समजा.

मग दाखवायचं काय? वाटा चार आहेत.

पहिली, जुने चित्रपट. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६५ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. हिशेब सोपा वाटतो, पण त्यात खोच आहे. ज्या कादंबरीवर चित्रपट बेतला तिचा, गाण्यांचा, संगीताचा हक्क वेगळा असू शकतो आणि तो लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं चालतो. लेखक १९७३ मध्ये गेला असेल तर त्याचं साहित्य २०३३ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. शिवाय कुणी प्रत नव्यानं दुरुस्त करून, उपशीर्षकं घालून विकत असेल तर त्या नव्या कामावर त्यांचा दावा असू शकतो. म्हणून जुना चित्रपट असला तरी प्रत कुठून आणली, हे वहीत लिहून ठेवा.

दुसरी वाट सरकारी संग्रहाची. १९४८ पासून माहितीपट काढणारं फिल्म्स डिव्हिजन, १९५५ ची बालचित्र समिती आणि पुण्याचं १९६४ चं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, या सगळ्यांचं काम आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे एकत्र आलं आहे. विनामूल्य खेळासाठी त्यांच्याकडे लेखी मागणी करा. मुलांसाठीचे आणि माहितीपर चित्रपट हवे असतील तर मी आधी हेच दार ठोठावते.

तिसरी वाट थेट निर्मात्याची, आणि ही मला सगळ्यात आवडते. छोटे मराठी चित्रपट आणि माहितीपट काढणारी माणसं बहुतेक वेळा आनंदानं परवानगी देतात, कधी नाममात्र शुल्क घेतात, कधी स्वतः यायला तयार होतात. पत्रात एक शब्द नेमका वापरायचा: "नॉन-थिएट्रिकल प्रदर्शनाचा हक्क", म्हणजे चित्रपटगृहाबाहेर दाखवण्याचा हक्क. निर्मात्यानं तो दुसऱ्या कुणाला विकला असेल तर तोच सांगतो. आम्ही पाठवतो ते पत्र साधारण असं:

"सप्रेम नमस्कार. आमचं सार्वजनिक वाचनालय वडोदरा शहरात आहे. दिनांक … रोजी संध्याकाळी ७ वाजता वाचनालयाच्या दालनात आपला … हा चित्रपट एकदाच, विनामूल्य दाखवण्याची आमची इच्छा आहे. आसनं ४० आहेत. तिकीट, देणगी, प्रायोजक नाही. चित्रपटाचं ध्वनिचित्रमुद्रण किंवा प्रक्षेपण होणार नाही आणि खेळानंतर प्रत पुसून टाकू. या चित्रपटाचा नॉन-थिएट्रिकल हक्क आपल्याकडे आहे का, असल्यास अशा एका खेळाची परवानगी व शुल्क कळवावं. सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत आणि उपशीर्षकांसह फाइल मिळाल्यास उपकृत होऊ."

"एकदाच", "आसनं ४०" आणि "प्रत पुसून टाकू" हे तीन तपशील असले की उत्तर लवकर येतं. नुसतं "आपला चित्रपट दाखवायचा आहे" असं लिहिलेलं पत्र कुणीही बाजूला ठेवील. उत्तर ईमेलनं आलं तरी चालतं, पण ते छापून फाइलला लावा. फोनवरचं "हो हो, दाखवा ना" हे उत्तर नव्हे. पत्र निदान सहा आठवडे आधी जाऊ दे.

चौथी वाट खुल्या परवान्याच्या चित्रपटांची. ब्लेंडर फाउंडेशननं संगणकावर बनवलेले काही लघुपट श्रेय देण्याच्या अटीवर कुणालाही दाखवता येतात. संवाद कमी असल्यामुळे लहान मुलांना भाषेची अडचण येत नाही. मुख्य चित्रपटाआधी असा दहा मिनिटांचा लघुपट लावला की उशिरा येणारे तेवढ्यात बसून घेतात.

आणखी एक बारीक गोष्ट. खेळ सुरू होण्याआधी "वातावरण तयार व्हावं" म्हणून सिनेमाची गाणी लावू नका. गाण्यांच्या जाहीर वादनाचा परवाना वेगळा असतो. शांतता चालते, वाचनालयच आहे.

सेन्सॉर, परवाने आणि आग

जाहीर दाखवायच्या चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए या वर्गाचे वयाप्रमाणे तीन भाग झाले: ७, १३ आणि १६ वर्षांवरील. त्याखालच्या वयाच्या मुलांनी पालकांच्या विचारानं बघावं अशी ती सूचना आहे. ए वर्गाचा, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचा चित्रपट वाचनालयात मी लावत नाही, दाराशी वयाचे दाखले कोण तपासणार?

जागेच्या परवान्याबद्दल कुणाच्या सांगण्यावर विसंबू नका. चित्रपट दाखवण्याच्या जागेसाठी राज्याचा कायदा असतो. जिल्हाधिकारी कचेरीत एक अर्ज द्या: एवढी माणसं, एवढ्या वेळा, विनामूल्य, परवाना लागेल का? अर्जाची पोचसुद्धा कामाची असते. अंगणात दाखवणार असाल आणि बाहेर स्पीकर लावणार असाल तर पोलिसांची परवानगी लागते, आणि रात्री १० नंतर तो बंद म्हणजे बंद. आम्ही आतच दाखवतो आणि पावणेदहाला दिवे लावतो.

आगीचं मात्र गांभीर्यानं घ्या. सुरतचा २०१९ चा क्लासमधला आणि राजकोटचा २०२४ चा गेमझोनमधला अग्निकांड यांनंतर गुजरातेत फायर एनओसी (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला) हा शब्द पोरांनाही माहीत झाला आहे. वाचनालय म्हणजे कागदाचं कोठार. इमारतीची एनओसी चालू आहे का ते पहा, अग्निशामक नळकांड्याची तारीख वाचा, आणि मुख्य म्हणजे मागचा जाळीचा दरवाजा. तो वाचनालयात वर्षानुवर्षं कुलपात असतो, कारण पुस्तकं चोरीला जातात. खेळाच्या वेळी तो उघडा हवा आणि त्यापाशी एक माणूस हवा. किल्ली कुठे आहे हे माहीत असणं पुरेसं नाही.

खोली मोजा, मग प्रोजेक्टर शोधा

लोक आधी प्रोजेक्टर आणतात आणि मग तो कुठे ठेवायचा यावर डोकं खाजवतात. उलट करा. आमचं दालन २० फूट रुंद, ३० फूट लांब आहे, त्याचाच हिशेब सांगते.

पडदा ८ फूट रुंद. हल्लीच्या रुंद चौकटीला उंची साडेचार फूट लागते. पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान ४ फूट वर हवी, नाहीतर मागच्यांना पुढच्यांच्या अंबाड्यांशिवाय काही दिसत नाही. आमच्या दालनाचं छत ११ फूट, म्हणून हे जमतं. तुमचं छत ८ फूट असेल तर पडदा लहान करा, खाली आणू नका. पहिली खुर्ची पडद्यापासून रुंदीच्या दीडपट, म्हणजे १२ फुटांवर. त्यापुढच्या तीन-चार फुटांत मुलांची सतरंजी. उरलं १८ फूट लांबी गुणिले २० फूट रुंदी, म्हणजे ३६० चौरस फूट. रस्त्यासकट खुर्चीमागे ८ ते १० चौरस फूट धरले तर ३६ ते ४५ खुर्च्या. म्हणून पत्रात आम्ही ४० लिहितो आणि ४० वरच थांबतो. "अजून दोन बसतील" म्हणणारे भेटतात, पण ते दोन नेहमी रस्त्यातच बसतात.

आता प्रोजेक्टर. त्याच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो नावाचा आकडा असतो: अंतर भागिले पडद्याची रुंदी. तो १.५ असेल तर ८ फूट पडद्यासाठी प्रोजेक्टर १२ फुटांवर हवा, म्हणजे ऐन पहिल्या रांगेत! पहिल्या खेळाला आमचं हेच झालं. एका काकांच्या मांडीशी गरम हवा येत राहिली आणि ते सौजन्यानं काही बोलले नाहीत. उपाय तीन: छताला टांगणं, मधोमध रस्ता ठेवून त्यात उंच स्टँडवर ठेवणं, किंवा झूम असलेला प्रोजेक्टर घेऊन तो थोडा मागे नेणं. आम्ही मधला रस्ता निवडला. प्रोजेक्टर शक्यतो पडद्याच्या अगदी समोर ठेवा. तिरका ठेवून बटणानं चित्र चौकोनी करता येतं, पण त्यात चित्राचे कण कमी होतात आणि उपशीर्षकं धूसर दिसतात.

उजेडाचा हिशेबही करून बघा. चित्रपटगृहात पडद्याच्या दर चौरस फुटाला साधारण १४ ते १६ ल्युमेन (उजेडाचं एकक) हे माप मानतात. आमचा पडदा ३६ चौरस फूट, म्हणजे गच्च अंधारात सहाशेच्या आतच काम भागतं. पण वाचनालयात गच्च अंधार कुठला? जुन्या इमारतींना उजेड यावा म्हणूनच उंच झरोके ठेवलेले असतात. खरे अडीच-तीन हजार ल्युमेन असले की निभतं. "खरे" म्हणते, कारण स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर वाटेल ते आकडे छापतात. एएनएसआय ल्युमेन (ठरावीक प्रमाण पद्धतीनं मोजलेले) असं लिहिलं असेल तोच आकडा धरा. सुरुवातीला विकत घेऊ नका. मंडपवाल्याकडून किंवा साउंडवाल्याकडून तीन-चार वेळा भाड्यानं आणा, म्हणजे काय हवं ते कळतं. पुढे घ्यायचा झाल्यास राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशनच्या साहाय्य योजनांची राज्याच्या ग्रंथालय खात्यात चौकशी करता येते.

पडदा म्हणून पांढरी चादर चालते, पण इस्त्री केलेली आणि खालच्या दुमडीत पाइप घातलेली. नाहीतर पंखा लावला की नायिकेच्या चेहऱ्यावर लाटा उठतात. उन्हाळ्यात बडोद्यात पंखा बंद ठेवायची सोय नाही, त्यामुळे पडद्याजवळचा एक पंखा बंद आणि बाकीचे चालू, अशी वाटणी करा.

आवाजावर पैसे घाला

माझा अनुभव असा, की चित्र थोडं फिकं असलं तर लोक दहा मिनिटांत विसरतात, पण आवाज घुमला तर उठून जातात. नातवंडांना मराठी कानानंच कळते हे लक्षात ठेवा. त्यांच्यासाठी संवाद स्वच्छ ऐकू येणं हाच खरा कार्यक्रम.

वाचनालयाची फरशी गुळगुळीत, भिंती उंच, काचेची कपाटं. आवाज टेनिसच्या चेंडूसारखा उड्या मारतो. जमिनीवर सतरंज्या, खिडक्यांवर जाड पडदे, आणि पुस्तकांची उघडी मांडणी जमेल तेवढी प्रेक्षकांच्या बाजूला, एवढ्यानंच निम्मं काम होतं. पुस्तकांच्या रांगा आवाज छान पितात. प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर वापरू नका. दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर. आणि ते वायरनं जोडा. ब्लूटूथनं आवाज क्षणभर मागे पडतो आणि पात्रं ओठ मिटून बोलायला लागतात. जड आवाज (बेस) कमी ठेवून मधला (मिड) वाढवा, संवाद उठतात.

लॅपटॉप प्रोजेक्टरच्या शेजारीच ठेवा, म्हणजे एचडीएमआयची वायर आखूड राहते. लांब वायर फक्त स्पीकरची. फरशीवरची प्रत्येक वायर कापडी टेपनं चिकटवा, आज्या पाय उचलून चालत नाहीत.

कोणता चित्रपट, कोणता दिवस

समितीला विचारलंत तर प्रत्येक जण आपल्या तरुणपणीचा चित्रपट सांगतो. माझी कसोटी तीन प्रश्नांची. दोन तासांच्या आत संपतो का? बारा वर्षांचं पोर आणि पंचाहत्तरीची आजी दोघांनाही बसवतो का? आणि त्याच्या विषयावर आपल्या कपाटात निदान दहा पुस्तकं आहेत का? तिसऱ्या प्रश्नाला "नाही" आलं तर मी चित्रपट सोडून देते, कितीही चांगला असो. शेजारची गुजराती मंडळीही येतात, तेव्हा उपशीर्षकं हवीतच, आणि कथेचा अर्धा पान सारांश गुजरातीत छापून दाराशी ठेवला तर ती पुन्हा येतात.

वार एकच ठरवा, आमचा दुसरा शनिवार. पण नवरात्रात नाव काढू नका, गरब्यापुढे या गावात काही चालत नाही. उत्तरायणाच्या दोन दिवसांत सगळे गच्चीवर असतात. गणपतीत सार्वजनिक मंडपं जागी असतात. मार्चमध्ये परीक्षा. उरलेल्या महिन्यांत सूर्य किती वाजता मावळतो ते बघा: जूनमध्ये साडेसातला टेकतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. झरोके असलेल्या दालनात जूनमध्ये ७ ला सुरू केलंत तर पहिला अर्धा तास पडद्यावर भुतं दिसतात.

बोलावणं

जाहिरातीवर फार वेळ घालवू नका. फळ्यावर एक ओळ, सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक चित्र, देवघेवीच्या टेबलावर चिठ्ठ्या. परवानगीच्या पत्रात निर्मात्यानं जाहीर प्रसिद्धी नको म्हटलं असेल तर चित्रपटाचं नाव न देता फक्त "मराठी चित्रपट" एवढंच लिहा. वेळ छापताना ७ छापा आणि चित्रपट ७.२० ला लावा. "आरती आटपली की निघतो" म्हणणारे या वीस मिनिटांत पोहोचतात.

त्या संध्याकाळी

आदल्या दिवशी संपूर्ण चित्रपट, त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर, एकदा चालवून बघा. पहिली पाच मिनिटं बघून समाधान मानू नका. एकदा आमची फाइल तासाभरानंतर थांबली होती, कारण ती अर्धवटच उतरली होती. उपशीर्षकांची देवनागरी अक्षरं नीट जुळतात की जोडाक्षरं फुटतात, तेही तेव्हाच कळतं. लॅपटॉपचं झोपी जाणं बंद करा, सूचना बंद करा, इंटरनेट तोडा. मध्यंतरात संगणकानं स्वतःहून नवी आवृत्ती बसवायला घेतली, ही माझ्याच आयुष्यात घडलेली गोष्ट आहे. चाळीस माणसं आणि एक फिरणारं निळं वर्तुळ.

संध्याकाळी ६ ला खुर्च्या. पाठ असलेल्या खुर्च्या रस्त्याच्या कडेला, ज्येष्ठांसाठी, म्हणजे त्यांना मध्ये उठता येतं. चाकाच्या खुर्चीसाठी एक जागा मोकळी. खाणं आत नाही, पाणी चालेल. मध्यंतरात बाहेर ओट्यावर चहा आणि लिलो चेवडो (इथला ओलसर चिवडा), पण हात धुतल्याशिवाय कपाटाकडे नाही. हा नियम मी इतका ताठ पाळते की मुलं आता मला बघूनच नळाकडे पळतात.

एक माणूस यंत्रापाशी, एक पुढच्या दाराशी, एक मागच्या जाळीपाशी. वीज गेली तर घाबरू नका. आधी टॉर्च, मग "बसून राहा" असं मोठ्यानं सांगणं, मग पुढचं. छोटा यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ पुरणारी बॅटरी) असेल तर तो लॅपटॉपला नको, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. तो प्रोजेक्टरला लावा. दिव्याचा प्रोजेक्टर गरम असताना एकदम बंद पडला तर दिव्याचं आयुष्य घटतं. खेळ संपल्यावरही पंखा थांबेपर्यंत त्याचा प्लग काढू नका.

दिवे लागल्यावरचा अर्धा तास

यासाठीच तर सगळं केलं. आणि बहुतेक ठिकाणी नेमका हाच अर्धा तास वाया जातो, कारण कुणीतरी माइक घेऊन आभार मानायला लागतं.

आभार चित्रपटाआधी उरका. शेवटची नावं पडद्यावर सरकत असतानाच दाराजवळच्या टेबलावर पुस्तकं मांडलेली हवीत आणि देवघेव सुरू हवी. ग्रंथपाल घरी गेले असतील तर खेळ लावूच नका. टेबलावर पुस्तकं तीस नकोत, बारा पुरे. त्यांतली चार जाडजूड, ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी. आठ पातळ, मोठ्या टायपाची, चित्रांची. चित्रपट गावाकडचा असेल तर गावाकडच्या गोष्टींचं, प्राण्यांचा असेल तर प्राण्यांचं. मूल पुस्तक उचलतं तेव्हा त्याच्या कानात ती भाषा अजून ताजी असते. अर्ध्या तासापूर्वी ऐकलेला शब्द पानावर दिसला की त्याला तो "वाचता येतो", खरं म्हणजे ओळखता येतो, आणि सुरुवात अशीच होते. दुसऱ्या दिवशी हे होत नाही, मी करून पाहिलं आहे.

त्या रात्रीपुरतं अनामत मागू नका. नाव, पत्ता, फोन, एक पुस्तक, पंधरा दिवस. काही परत येत नाहीत, हे धरून चला आणि त्या यादीत दुर्मिळ प्रती ठेवू नका. आजी-आजोबा सभासद असतील तर नातवाचं पुस्तक त्यांच्या कार्डावर द्या. पुस्तक परत करायला मग दोघं मिळून येतात.

चर्चा करायची असेल तर पंधरा मिनिटं, ओट्यावर, ज्यांना थांबायचं ते थांबतील. "कसा वाटला?" असं विचारू नका, सगळे "छान" म्हणून चपला शोधायला लागतात. "कोणाचं वागणं खोटं वाटलं?" असं विचारा. भांडण होतं, आणि भांडणात आमची मुलं गुजराती विसरून मराठीत बोलतात, कारण समोर आजी असते.

खुर्च्या मंडपवाल्याच्या असतील तर मोजून परत द्या. प्रत पुसून टाका आणि निर्मात्याला तसं कळवा, सोबत दोन ओळी प्रेक्षकांच्या. पुढच्या वेळी परवानगी मागायला तोंड राहतं. मग वहीत लिहा: तारीख, चित्रपट, परवानगीचा कागद कोणता, प्रत कुठून, आलेली माणसं, त्यांतली पंधरा वर्षांखालची, त्या रात्री गेलेली पुस्तकं, पंधरा दिवसांनी परत आलेली. आमच्या पहिल्या खेळाला ११ माणसं होती, त्यांतली चार मंडळाची, आणि गेलेली पुस्तकं २. मंडळात वीजबिलाचा विषय पुन्हा निघाला तेव्हा मी माणसांचा रकाना झाकून पुस्तकांचा दाखवला होता. जाताना मागची जाळी पुन्हा कुलपात घाला आणि पुढच्या दुसऱ्या शनिवारची तारीख त्याच रात्री फळ्यावर लिहा, सकाळी पेपर वाचायला येणारे ती आधी वाचतात.